अठरा बाटल्या माती

अंजनी मरावी पहिल्यांदा माझ्यासमोर आली ती पितळी लोटा घेऊन. लोट्यात माती होती, चाळलेली, मैद्यासारखी मऊ. मी भडकलेच. माझा स्वभावच तसा आहे, त्याला काय करू? माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत जन्म गेला माझा. रोज येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगायचं: बाबांनो, शेतात आठ-दहा जागी वीतभर खड्डा करा, खड्ड्याच्या कडेची माती खरवडा, सगळी एकत्र कालवा, त्यातली अर्धा किलो आणा. आणि लोक काय आणतात, तर उकिरड्याशेजारची काळीभोर! सरकारी ऑफिसात जायचं तर रिकाम्या हाताने किंवा वाईट वस्तू घेऊन कसं जायचं, ही यांची रीत. मग निकालाच्या कार्डावर येतं, जमीन उत्तम, खताची गरज नाही. बसा बोंबलत.

"हे काय पीठ आणलंस?" मी म्हटलं. "पोळ्या लाटू का याच्या?"

"दगड होते, दीदी. साहेब लोकांसमोर दगड कसे ठेवायचे? दोनदा चाळली."

ती बोलायची हिंदीतच, त्यांच्या डोंगराकडच्या सुरातल्या. मी इथे ते आपल्या भाषेत सांगून राहिले. चाळीस-एक वर्षांची असेल तेव्हा. सुकलेली, उंच, पायाला भेगा. मी फॉर्म पुढे ओढला आणि गाव विचारलं. कुंडमच्या पलीकडचा आमाटोला. शेत कोणाचं, तर म्हणाली, "पोतनीस बाबूंची भर्री."

माझा पेन थांबला. पोतनीस म्हणजे आम्हीच की!

आमचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या चाकरीत जबलपुरात आले, त्यांना जमिनी मिळाल्या, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या एकेक करून विकून खाल्ल्या. चांगली काळी आधी गेली. उरली ती डोंगराच्या उतारावरची भर्री, म्हणजे लाल, खडकाळ, पाणी न धरणारी जमीन. ती फुकटातही कोणी घेईना. बाबा गेल्यावर खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी कागदात, दोन नावं चढली, जगन्नाथदादाचं आणि माझं. शेत अंजनीच्या सासऱ्यापासून तिच्या घराकडे अधियाने होतं. जे पिकेल त्यातलं अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. पिकायचं काय, तर कोदो आणि कुटकी, असलं बारीक भरडधान्य. दादाकडे पोतं यायचं आणि वसुधावहिनी ते चिमण्यांना टाकायची.

मी तिला सांगितलं की मी त्याच घरातली. बाई खाली वाकून पायाच पडली! मी पाय ओढून घेतले. "नीट माती घेऊन ये," म्हटलं, "दगडांसकट." चार दिवसांनी ती आली, दगडांसकट, वीस कोसांवरून.

त्या मातीचा निकाल मला पाठ आहे. सेंद्रिय कार्बन शून्य पूर्णांक एकवीस. मातीत जीव किती आहे ते या आकड्यावरून कळतं. पन्नासच्या खाली म्हणजे गरीब, पंच्याहत्तरच्या वर म्हणजे श्रीमंत. दशांशाचं लचांड तिला कशाला सांगू? मी म्हटलं, "तुझ्या मातीला शंभरात एकवीस मार्क पडले. नापास."

"पास किती वर?"

"पंच्याहत्तर."

तिने मान हलवली, उरलेली माती परत मागितली आणि पदरात बांधून नेली. मी हसले. लोक तर उरलेली माती आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून जातात.

दरवर्षी एप्रिलात, शेत रिकामं असताना, ती यायला लागली. मी रजिस्टरात न चढवता तपासायची. आम्ही मातीत एक नारिंगी रसायन आणि तेजाब टाकतो. जितका जीव जास्त तितकं ते हिरवं होतं. अंजनी शेजारी उभी राहून तो हिरवा बघायची. एकदा तेजाबाचा थेंब उडून तिच्या लुगड्याला भोक पडलं, तरी हलली नाही. दरवेळी मी त्यातली मूठभर माती काचेच्या बाटलीत भरून, वर साल लिहून कपाटात ठेवायची. ऑफिसातले चिडवायचे, "लतिका मॅडमचं लोणचं." चिडवू देत. पहिली बाटली विटेसारखी लाल होती. मग तांबूस, मग तपकिरी. असं माझ्या उभ्या नोकरीत मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

ती करायची काय ते मी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघितलं. नवरा मजुरीला नागपूरला गेला होता तो परत फिरकलाच नव्हता. एकटी बाई. उतारावर तिने आडव्या दगडांच्या ओळी घातल्या होत्या, कमरेएवढ्या, अकरा ओळी. पावसात वाहून नाल्यात गेलेला गाळ ती दिवाळीनंतर टोपलीत भरून डोक्यावरून वर आणायची. म्हणजे जी माती डोंगर खाली फेकायचा ती ही बया पुन्हा वर नेऊन ठेवायची. शिवाय महुआ, म्हणजे मोहाची झाडं. त्या भागात मार्चमध्ये महुआची फुलं वेचायला सोपं पडावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात. सगळा डोंगर धुरकट होतो. अंजनी तिच्या दोन महुआंखाली काडी लावू द्यायची नाही. पहाटे उठून झाडून काढायची, पाला शेतात आणि फुलं टोपलीत. गाव हसायचं. "झाडूवाली" नाव पडलं तिचं.

"काहून इतकी मरतेस?" मी विचारलं. "जमीन तर तुझी नाही."

"जमीन तुमची, दीदी," ती म्हणाली. "माती मी आणली."

मला ते बोलणं आवडलं होतं, खरं सांगते. मी ते ऑफिसात चार जणांना सांगितलंही.

एकतीस. अडतीस. सत्तेचाळीस. दोन वर्षं दुष्काळाची, आकडा जागचा हलला नाही. मग छप्पन. त्यात कोदोला भाव आला. साखरेच्या आजारात चांगला म्हणून शहरातले लोक कोदो शोधायला लागले. दादाला डॉक्टरांनी तोच सांगितला, आणि चिमण्यांचं पोतं वहिनीच्या स्वयंपाकघरात आलं. अंजनीला आता वर्षभर पुरेल इतकं घरात राहायचं. ती शेतावर पोट भरत होती, दुसरीकडे मजुरीला जात नव्हती. त्या टोल्यात, एवढ्याशा वस्तीत, असं सांगू शकणाऱ्या बायका दोन-तीन असतील.

अठराव्या वर्षी आकडा आला सत्त्याहत्तर.

मी दोनदा तपासला. अंजनीला म्हटलं, "पास झालीस गं!" ती खाली बसली, तिथेच फरशीवर, आणि तोंडावर पदर घेऊन हसली. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, या वर्षी पक्कं सरकारी कार्ड करायचं. रजिस्टरात चढवलं, कार्ड छापलं, प्लास्टिकमध्ये मढवून घेतलं. कार्डावर खसऱ्यातलं पहिलं नाव येतं. जगन्नाथ पोतनीस. अंजनीला वाचता येत नव्हतं. तिने कार्ड कपाळाला लावलं.

आणि मग मी माती खाल्ली. त्या रविवारी दादाकडे पुरणपोळी होती. बिनलग्नाची बहीण मी, सणवार सगळे त्याच घरात. जेवताना मी फुशारकी मारली. "तुला ठाऊक आहे का, दादा, आपल्या त्या टाकाऊ भर्रीची माती आज जिल्ह्यातल्या कोणत्याही बागेच्या तोंडात मारेल अशी आहे. सत्त्याहत्तर!" वर मोबाइलमधला कार्डाचा फोटो दाखवला. दादाने चष्मा लावून तो नीट बघितला. "अच्छा," म्हणाला. माझी जीभ त्याच वेळी झडली असती तर बरं झालं असतं.

दादा त्याच्या नव्या कॉलनीच्या समितीचा अध्यक्ष. कॉलनी उभी राहिली ती मलब्याच्या भरावावर. मधल्या बगीच्यात तीन वर्षं गवत लावून राहिले होते आणि तीन वर्षं ते करपत होतं. डिसेंबरात त्याच्या मुलीचं, अवंतिकाचं लग्न ठरलेलं, आणि रिसेप्शन त्याच बगीच्यात करायचं वहिनीच्या मनात होतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी दोन आणि दोन मी जोडले नाहीत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी अंजनीचा फोन आला. कोणाच्या तरी मोबाइलवरून. मागे इंजिनाचा आवाज.

"दीदी, मशीन आली आहे. दगडाच्या ओळी तोडून राहिले. म्हणतात भैयांनी पाठवलं. तुम्ही भैयांना सांगा. तुमचंही नाव आहे ना कागदावर, तुम्ही नाही म्हटलं तर थांबतील."

खरंच थांबले असते. एवढंच करायचं होतं मला. मी दादाला फोन लावला.

"दादा, काय करून राहिला तू तिथे?"

"अगं, तूच तर सांगितलंस. नर्सरीवाला म्हणतो चांगली माती आणा. म्हटलं, घरची असताना बाहेर कशाला हात पसरायचा? गोहलपुरातून जेसीबी आणि डंपर मिळाले."

"अठरा वर्षं लागली तिला ती करायला."

"मग? तिला येतं ना करायला. पुन्हा करेल."

तो चिडून बोलत नव्हता. अगदी सहज बोलला, उसवलेली शिलाई पुन्हा घालायला सांगावं तसं. मग आवाज मऊ करून म्हणाला, "लतू, अवंतिकाचं लग्न आहे. आत्या म्हणून तूच पुढे असणार आहेस सगळीकडे. आता एका शेतावरून घरात वाकडं आणायचं का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही, या एका शब्दाचं काम होतं. मला दिसलं काय, तर दादाकडची गौर, दादाकडची दिवाळी, आणि आपल्या दोन खोल्यांत एकटी बसलेली मी. मी म्हटलं, "सगळी नको काढूस. चार बोटं काढ."

"बरं बरं, चार बोटं."

अंजनीला उलट फोन केला. "चारच बोटं नेणार आहेत."

 ती म्हणाली, "माती सगळी मिळून किती बोटं आहे, दीदी? बारा."

सहा दिवस डंपर चालले. सातव्या दिवशी, रविवारी, मी बसने गेले. काहून गेले, माझं मलाच कळलं नाही. अकरा ओळींमधली एक उरली नव्हती. ते दगड डंपरला चढाव करायला रस्त्यात टाकले होते. खाली लाल मुरूम उघडा पडला होता, मशीनच्या दातांच्या रेघांसकट. महुआची मुळं हवेत आली होती. अंजनी झाडू घेऊन वाकली होती आणि मुरुमाच्या खाचांमधली माती झाडून सुपात घेत होती. सकाळपासून अर्धं सूप भरलं होतं.

मी म्हटलं, "होईल गं पुन्हा. तुला येतं."

दादाचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं. तिने झाडू थांबवला.

"मी किती वर्षांची होईन, दीदी?"

अठ्ठावन्न आणि अठरा. मी बेरीज केली. परतीच्या बसची वेळ झाली म्हणून निघाले. बसला अजून दीड तास होता.

त्या खरिपात तिने मुरुमावर कोदो फेकला. बोटभर उगवला आणि पिवळा पडला. अधियाचं पोतं दादाकडे आलं नाही, तेव्हा वहिनी म्हणाली, "बघा, लोक कसे शेफारतात." अंजनी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

बगीचा मात्र असा फुलला, की विचारू नका. ऑगस्टमध्ये गवताची चटई अंथरली ती आठ दिवसांत धरली. दादाने फाटकाशी पाटी लावली, स्वतःच्या नावाची. कॉलनीतले लोक सकाळी अनवाणी फिरायला यायचे, डोळ्यांना चांगलं म्हणून.

लग्नाला दादाने आमाटोल्यातही आमंत्रण धाडलं. जुनी माणसं आहेत, बोलवायला हवं. रिसेप्शनला संध्याकाळी अंजनी खरंच आली. धुतलेलं लुगडं, हातात पानांचा पुडा, त्यात सुकवलेली महुआची फुलं. गवताच्या कडेला उभी राहिली. मग उकिडवी बसली, एक बोट गवतात खुपसलं, बाहेर काढून वास घेतला. मी वीस पावलांवर होते. तिने आपली माती ओळखली, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

तेवढ्यात वसुधावहिनी लगबगीने गेली. "अगं ए, उपटून काय राहिली? आणि इकडून नको बाई जाऊस, मागच्या बाजूने जा. पाय बघ तुझे, सगळे मातीचे. गवत खराब होईल."

अंजनी उठली आणि मागच्या बाजूने गेली. मी तेव्हा गुलाबजाम खात होते. तो मी संपवला.

त्यानंतर ती आली ती या एप्रिलात, नेहमीच्या वेळी. हातात पिशवी नव्हती, माती नव्हती. माझी निवृत्ती महिन्यावर आली होती आणि निरोप-समारंभात माझ्या बाटल्या टेबलावर मांडायच्या, असं मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं. लतिका पोतनीस यांचं अठरा वर्षांचं काम, असा फलकसुद्धा रंगवून झाला होता.

"दीदी, माझ्या बाटल्या द्या," ती म्हणाली.

"त्यांचं काय करणार तू? सगळी मिळून दीड-दोन किलो माती नाही."

"विरजण लावीन. दुधाला चमचाभर दही लागतं ना? महुआखाली एक ओळ पुन्हा घातली आहे मी, चार हातांची. तिथे घालीन. लागेल."

मला माहीत होतं, लागणार नाही. वाळवून, कुटून, वर्षानुवर्षं बाटलीत बंद ठेवलेल्या मातीत विरजण कुठून उरणार? मेलेली असते ती. जरा जीव असलाच तर शेवटच्या बाटलीत, वर्षापूर्वीच्या, सत्त्याहत्तरच्या. हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तिला म्हटलं, बस, काढून आणते. कपाटाशी गेले, पाठ तिच्याकडे करून सतरा बाटल्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि अठरावी, सगळ्यांत काळी, टेबलाच्या खणात सरकवली. फलकावर अठरा लिहिलं होतं ना. बाकी सतरा कुठलीही माती उचलून भरता येतील, लाल मातीला काय तोटा! काळी मला पुन्हा कुठून मिळणार होती?

तिने ट्रे फरशीवर घेतला. एकेक बाटली उजेडाकडे धरून ओळीने लावली. वाचता येत नव्हतं, पण रंगावरून तिने एकही साल चुकवलं नाही. शेवटाला तिचा हात रिकामाच राहिला.

"सतरा आहेत."

"फुटली असेल एखादी," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत होतं असं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खणाकडे. खण नीट लागला नव्हता. मी मांडीने तो ढकलला.

"राहू दे दीदी," ती म्हणाली. "खसऱ्यात तुमचंही नाव आहे."

तिने सतरा बाटल्या पदरात बांधल्या. काचा एकमेकींवर आपटत होत्या, जिन्यावरून खाली जाईपर्यंत आवाज येत होता.

समारंभ झकास झाला. शाल, श्रीफळ, हार. सतरा बाटल्या मी ऑफिसमागच्या वाफ्यातून भरल्या होत्या. कोणाला कळलं नाही. मोठ्या साहेबांनी शेवटची बाटली हातात घेतली, उजेडात फिरवली आणि माइकवरच विचारलं, "वा, मॅडम, ही इतकी सुंदर माती कुठली?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. दादा पहिल्या रांगेत बसला होता.

"आमच्याच शेतातली," मी म्हटलं.